परतीचा पाऊस : अंदाज त्यांचा, निर्णय आपला

(अकलूज येथील स्मृतिव्याख्यानमालेत भाद्रपदात दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



भाद्रपद उतरणीला लागला की सोलापूर जिल्ह्यात दोन चौकश्या सुरू होतात. पहिली, "उजनी किती टक्के?" दुसरी, "परतीचा पडणार का?" पहिलीचे उत्तर मोबाइलवर रोज सकाळी मिळते आणि ते बिनचूक असते, कारण धरणातले पाणी मोजता येते. दुसरीचे उत्तर देणारेही पुष्कळ आहेत. हवामान विभाग आहे, खासगी कंपन्या आहेत, पंचांग आहे, आणि हल्ली यूट्यूबवर तारीखवार पाऊस वाटणारी मंडळीही आहेत. ऐकणाऱ्याची पंचाईत होते ती इथेच. सगळे सांगतात, आणि मग ज्याचे खरे ठरते त्याचे नाव होते. चुकल्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

संयोजकांनी मला सांगितले होते, "काहीतरी कामाचे बोला." म्हणून हा विषय घेतला. यंदा अमुक इतके मिलिमीटर पडतील हे सांगायला मी आलेलो नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरचा अंदाज कसा तयार होतो, तो कुठे भरवशाचा असतो, कुठे नसतो, आणि तो हातात आल्यावर माळशिरस तालुक्यातल्या माणसाने त्याचे काय करावे, एवढेच सांगायचे आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. हवामान विभागाचा अंदाज म्हणजे शक्यतेचा हिशेब. तो अर्धा हिशेब आहे. उरलेला अर्धा, म्हणजे आपल्या रानात किती पडला, किती ओल आहे, पीक कोणत्या अवस्थेत आहे, हा आपण मांडायचा असतो. तो आपण मांडत नाही, आणि दोष मात्र पुण्याच्या शिमला ऑफिसला, म्हणजे हवामान खात्याच्या कचेरीला, देतो.

सप्टेंबरचा मुलूख

कोकणाचा पाऊस जून-जुलैचा. नैऋत्येचा वारा समुद्रावरून बाष्प घेऊन येतो, सह्याद्रीला धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि पश्चिम उतारावर मोकळा होतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तोच वारा घाट उतरून फलटण, माळशिरस, सांगोल्याकडे येतो तेव्हा कोरडा झालेला असतो. खाली उतरताना हवा तापते, आणि तापलेल्या हवेत ढग विरतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे आभाळ भरलेले दिसते, वारा भणभणतो, भुरभुर येते आणि जमिनीवर ओलीचा पत्ता नसतो. सोलापूर जिल्ह्याची वर्षाची सरासरी महाबळेश्वरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आहे.

हे चित्र बदलते ते सप्टेंबरात. पश्चिमेचा वारा मंदावतो. ऊन पडते, जमीन तापते. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि त्यांच्यामुळे पूर्वेकडून दमट हवा येऊ लागते. या हवेच्या वाटेत सह्याद्री नाही. सकाळी निरभ्र, दुपारी दोनला पूर्वेला कापसासारखे ढग, चारला त्यांचा उभा डोंगर, माथा पसरलेला, पोट काळेनिळे. पाचला थंड वाऱ्याचा झोत येतो, धूळ उठते, वीज कडाडते आणि तासाभरात सरीतून पाणी वाहते. जिल्ह्याचा सर्वांत जास्त पावसाचा महिना सप्टेंबर आहे तो या ढगांमुळे.

आपली सगळी शेतीची घडी याच महिन्यावर बसलेली आहे. सोलापूर हा रब्बीचा जिल्हा. महसुली दप्तरात खरिपाची गावे आणि रब्बीची गावे वेगळी लिहिली जातात आणि आणेवारीही वेगळी निघते. ज्वारीची मालदांडी आपल्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर निवडली गेली. एम 35-1 म्हणतात ती हीच. ही ज्वारी पेरायची साधारण 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या महिन्यात. पेरल्यानंतर तिला पाऊस मिळेलच असे नाही; भारी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर ती माघापर्यंत उभी राहते. मीटरभर खोल काळी जमीन दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी पिकासाठी धरून ठेवू शकते. म्हणजे जमीन ही आपली पहिली टाकी, आणि ती भरण्याचा महिना सप्टेंबर. ती टाकी भरली नाही तर पुढे कितीही थंडी पडो, कणीस भरत नाही.

दुष्काळातून निघालेले खाते

या देशात पावसाचा अंदाज करण्याची गरज सरकारला कशी भासली, त्याचे मूळ आपल्याच भागात सापडते. 1876 साली दख्खनमध्ये आधीचा पाऊस तोकडा झाला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचाही आला नाही. रब्बीच्या पेरण्याच झाल्या नाहीत. सोलापूर जिल्हा त्या दुष्काळात होरपळलेल्या जिल्ह्यांत होता. हवामान खाते त्याच्या आदल्याच वर्षी, 1875 मध्ये स्थापन झाले होते; पण पावसाचा अंदाज आधी सांगा, ही मागणी जोरात पुढे आली ती या दुष्काळानंतर. खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाचा आणि पुढच्या पावसाचा संबंध लावला, आणि 1886 पासून मोसमी पावसाचे रीतसर अंदाज निघू लागले.

पुढे 1904 ते 1924 अशी 20 वर्षे गिल्बर्ट वॉकर या खात्याचे प्रमुख होते. गृहस्थ मुळात गणिती. त्यांनी जगभरच्या केंद्रांचे दाबाचे, तापमानाचे, पावसाचे आकडे मागवले आणि कारकुनांच्या फौजेकडून त्यांचे परस्परसंबंध काढून घेतले. त्यातून त्यांना दिसले की प्रशांत महासागराच्या एका बाजूला हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो घटतो, आणि हा झोका काही वर्षांनी उलटतो. आज आपण ज्याला एल निनो, ला निना म्हणतो त्याचा हवेतला अर्धा भाग त्यांनी तेव्हा ओळखला. 1928 मध्ये खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले. पुण्यातला शिमला ऑफिस चौक ही त्याचीच खूण. 1932 मध्ये पुण्यातच डॉ. एल. ए. रामदास यांच्या हाताखाली शेती-हवामानाचा विभाग सुरू झाला, आणि 1933 मध्ये सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले. म्हणजे पावसाचा अभ्यास आणि आपले रान यांची गाठ 90 वर्षांपूर्वीच घालून दिलेली आहे.

दुष्काळाने दुसरीही एक गोष्ट दिली, ती म्हणजे कालवे. नीरेचा डावा कालवा त्या दुष्काळानंतरचा. भाटघरचे लॉईड धरण 1928 मध्ये पुरे झाले आणि उजव्या कालव्याचे पाणी माळशिरस तालुक्यात आले. सासवडच्या माळ्यांनी येऊन माळीनगरला कारखाना काढला, पुढे सहकारमहर्षी शंकरराव मोहिते पाटील यांनी अकलूजला सहकारी कारखाना उभा केला. त्यामुळे एक विचित्र गोष्ट झाली. उत्तरेकडची नीराकाठची गावे बागायती झाली आणि दक्षिणेला पिलीवच्या बाजूचा माळ कोरडवाहू राहिला. एकाच तालुक्यात पावसाकडून दोन उलट अपेक्षा तयार झाल्या. याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

बर्गेनचा शरद आणि आपला

अंदाजशास्त्राचा दुसरा मोठा टप्पा दूरच्या थंड किनाऱ्यावर घडला. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर बर्गेन नावाचे बंदर आहे. समुद्रावरून पश्चिमेचा वारा येतो, पाठीमागे डोंगर आहेत, आणि गावात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यातही शरदाचे महिने सर्वांत ओले. डोंगर ओलांडून पूर्वेला गेले की गुडब्रान्सडाल खोऱ्याचा वरचा भाग लागतो. तिथे वर्षाला जेमतेम तीनशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथले शेतकरी जुन्या काळापासून पाट काढून शेती भिजवत आले आहेत. महाबळेश्वर आणि माळशिरस यांची जोडी जगाच्या उत्तर टोकालाही आहे.

पहिल्या महायुद्धात नॉर्वेला बाहेरचे धान्य मिळेना. तेव्हा व्हिल्हेल्म ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने 1918 च्या उन्हाळ्यात पश्चिम नॉर्वेच्या शेतकऱ्यांसाठी आणि कोळ्यांसाठी स्थानिक अंदाज देणे सुरू केले. त्यासाठी किनाऱ्यावर निरीक्षकांचे दाट जाळे उभारले; त्यात दीपगृहांवरची माणसे होती, कोळी होते. या दाट नोंदींमुळेच त्यांना दिसले की तिथला पाऊस थंड आणि उबदार हवेच्या सीमेवर पडतो, आणि ही सीमा अटलांटिकवरून किनाऱ्याकडे सरकत येते. सीमा कुठवर आली हे कळले की पाऊस केव्हा येणार हे काही तास, पुढे काही दिवस आधी सांगता येऊ लागले.

आपल्या विषयासाठी यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, त्या किनाऱ्याचा शरदातला पाऊस शेकडो किलोमीटर लांबीच्या पट्ट्याने येतो. त्याला लांबून पाहता येते. आपला सप्टेंबरचा ढग पाच-दहा किलोमीटर रुंदीचा असतो, दुपारी जन्मतो आणि रात्री संपतो. वेळापूरला नाल्याला पूर आणि अकलूजला रस्ता कोरडा, हे आपण दर साल पाहतो. तेव्हा "त्यांचे अंदाज खरे होतात, आपले का होत नाहीत?" असे विचारताना पाऊस कोणत्या जातीचा आहे हेही विचारले पाहिजे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. शोध लागला तो गावोगावच्या साध्या माणसांनी वेळच्या वेळी लिहिलेल्या नोंदींमुळे.

अंदाज कशावर उभा असतो

सप्टेंबर-ऑक्टोबरच्या अंदाजाला तीन मजले आहेत.

सर्वांत वरचा मजला समुद्राचा. प्रशांत महासागरात एल निनो आहे की ला निना, आणि हिंदी महासागराची पश्चिम बाजू उबदार आहे की पूर्व, यावरून हंगामाचा कल ठरतो. वसंतात या समुद्रांचा रोख ओळखणे अवघड असते. सप्टेंबर उजाडेपर्यंत तो बराचसा स्पष्ट झालेला असतो. 2023 हे एल निनोचे वर्ष. त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. उजनी भरली नाही, आणि ऑक्टोबरअखेर सरकारने जे 40 तालुके दुष्काळी जाहीर केले त्यांत माळशिरस होता. उलट 2019 मध्ये हिंदी महासागराची पश्चिम बाजू कमालीची तापली. त्या साली मोसमी पाऊस राजस्थानातून निघायलाच 9 ऑक्टोबर उजाडला, आणि दिवाळीपर्यंत महाराष्ट्रात पाऊस पडत राहिला. द्राक्षवाल्यांना ते वर्ष आठवत असेल.

मधला मजला दोन ते चार आठवड्यांचा. विषुववृत्ताजवळ तयार होणारे ढगांचे पट्टे समुद्रावरून उत्तरेकडे सरकत आपल्या भूमीवर येतात. पट्टा आला की पाऊस, गेला की उघडीप. हे सरकणे उपग्रहाच्या चित्रांवरून दाखवून दिले ते डी. आर. सिक्का आणि सुलोचना गाडगीळ यांनी, 1980 मध्ये. गाडगीळबाई पुण्याच्या, 2025 मध्ये त्या गेल्या. मोसमी पावसाच्या अभ्यासात जगाने मानलेले हे मराठी नाव आपल्या शाळांतल्या मुलांना माहीत असायला हवे. त्यांनी कर्नाटकात पावगड भागातल्या भुईमूग शेतकऱ्यांबरोबर बसून पेरणीच्या तारखा आणि पावसाचा हिशेब मांडला. त्यांनी दाखवलेली आणखी एक गोष्ट आपल्याला टोचली पाहिजे. दुष्काळी वर्षात उत्पादन जितके घटते, तितके ते चांगल्या पावसाच्या वर्षात वाढत नाही. धास्तावलेला शेतकरी खत-बियाण्यावर पैसा लावत नाही, आणि चांगले वर्ष हातचे निघून जाते. आज हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. आपल्या रब्बीच्या पेरणीला सर्वांत उपयोगी मजला हाच, आणि सर्वांत कमी वाचला जाणाराही हाच.

खालचा मजला पाच दिवसांचा. उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, ते कुठून किनारा ओलांडणार, पश्चिमेकडे किती आत येणार, हे आता चांगले सांगता येते. 13 ऑक्टोबर 2020 ला एक तीव्र कमी दाबाचे क्षेत्र आंध्रात काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आले, तेलंगणातून सरळ सोलापूरवर आले आणि पुढे अरबी समुद्रात उतरले. दोन दिवसांत जिल्ह्याची दैना झाली, पंढरपुरात चंद्रभागेच्या घाटावर भिंत कोसळून माणसे दगावली. त्या क्षेत्राची वाट आधी दिसत होती. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदी उफाळली आणि माढा, मोहोळ, करमाळ्यातली गावे पाण्यात गेली. ज्या सीनेला लोक कोरडी नदी म्हणून हिणवत, तिच्या पुरातून माणसे बोटीने काढावी लागली.

त्यात आता हवामान तापत चालले आहे. तापलेली हवा जास्त बाष्प धरते, दर अंशाला सुमारे सात टक्के. त्यामुळे पुढच्या काळात परतीचा पाऊस पडला तर धो धो आणि नाही पडला तर नाहीच, असा लहरी राहण्याची शक्यता वाढते. मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना 1950 पासून तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी कोल यांच्या गटाने 2017 मध्ये मांडले आहे.

आता 'परत' जाण्याविषयी. पाऊस परत गेला हे हवामान विभाग मनाला येईल तेव्हा जाहीर करत नाही. 1 सप्टेंबरनंतर वायव्य भारतात सलग पाच दिवस पाऊस नसावा, खालच्या थरात वाऱ्याचे प्रतिचक्र बसावे आणि हवेतले बाष्प लक्षणीय घटावे, या तीन अटी आहेत. पश्चिम राजस्थानातून निघण्याची सरासरी तारीख पूर्वी 1 सप्टेंबर होती. 2020 मध्ये ती 17 सप्टेंबर केली. आपल्या भागातून तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास निघतो. "राजस्थानातून परतीला सुरुवात" ही बातमी वाचून रान वाळेल असे समजू नका. आपला भरवशाचा पाऊस नेमका त्याच दिवसांत असतो.

बातमी कशी वाचावी

समजा, बातमीपत्रात आले : "सोलापूर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह मुसळधार पावसाची शक्यता." हवामान विभागाच्या हिशेबात तुरळक ठिकाणी म्हणजे जिल्ह्यातल्या जास्तीत जास्त चौथाई केंद्रांवर. मुसळधार म्हणजे 24 तासांत 64.5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. ही मोजणी सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ. म्हणजे चार गावांतल्या एका गावात धुमाकूळ झाला आणि तीन गावे कोरडी राहिली, तरी अंदाज खरा ठरतो. त्या तीन गावांना वाटते, फसवले.

हंगामी अंदाजाची भाषा आणखी वेगळी. "सप्टेंबरात सरासरीहून जास्त पावसाची शक्यता 50 टक्के" असे आले तर काय समजावे? मागच्या वर्षांचे तीन गट करतात : कमी पावसाचे, सरासरीचे, जास्त पावसाचे. काहीच माहीत नसेल तर प्रत्येकाची शक्यता 33 टक्के. ती 50 झाली म्हणजे पारडे झुकले, इतकेच. अशी दहा वर्षे घेतली तर पाच वर्षी जास्त पाऊस होईल आणि पाच वर्षी होणार नाही. अशा अंदाजावर सगळे रान एका डावात लावणारा माणूस हरला, तर चूक अंदाजाची नाही. आणि पंचवीस वर्षे शेती करायची असेल तर हा 33 चा 50 झालेला फरक सोन्याच्या मोलाचा आहे, हेही तितकेच खरे.

पंचांगाचे काय, असा प्रश्न मनात असेलच. पंचांगाबद्दल मी टिंगलीने बोलणार नाही. मृगापासून हस्त-चित्रा-स्वातीपर्यंत पावसाचे दर चौदा-एक दिवसांचे तुकडे करून त्यांना नावे देणे ही शेतकऱ्याच्या निरीक्षणाची कमाई आहे. डाळिंबाच्या हस्त बहाराचे नाव त्यातूनच आले. उत्तरा 13 सप्टेंबरच्या सुमारास लागते, हस्त 27 च्या सुमारास, चित्रा 10-11 ऑक्टोबरला. हे कॅलेंडर म्हणून उत्तम. पण त्यापुढे जाऊन बेडूक वाहन असेल तर बरसणार आणि गाढव असेल तर ओढ देणार, असे वर्षभर आधी छापले जाते, तिथे निरीक्षण संपते. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत वासराची भाकणूक होते. ती श्रद्धेची गोष्ट आहे, तिथे तिचा मान. बियाण्याची पिशवी फोडायची की नाही हे मात्र त्यावर ठरवू नये. हवामान विभाग चुकतो तेव्हा किती चुकला ते मोजून छापतो. जो आपली चूक मोजत नाही, त्याचा अंदाज फुकट मिळाला तरी महाग पडतो.

एक पाऊस, पाच निर्णय

आता तालुक्यात येऊ. समजा 28 सप्टेंबर आहे, हस्त लागले आहे आणि पुढच्या पाच दिवसांत चांगल्या पावसाचा अंदाज आहे.

पिलीवच्या बाजूच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा पाऊस हवा आहे. त्याने पाळी घालून रान तयार ठेवावे, बियाणे आणि माणसे जुळवून ठेवावीत आणि पाऊस उघडून वाफसा आला की घात साधावी. काळ्या रानात घात तीन-चार दिवसांचीच असते. तिफण दुरुस्तीला पडली म्हणून घात गेली, तर पावसाला बोल लावता येत नाही.

डाळिंबाचा हस्त बहार धरणाऱ्याला हाच पाऊस नको आहे. बाग ताणावर आहे. पाऊस झाला की ताण मोडतो, फुलाऐवजी पालवी फुटते, आणि दमट हवेत तेल्याचे भय. ज्याच्या हलक्या रानात पाणी साचत नाही त्याने हस्त धरावा. भारी रानातल्याने पावसाचा कल जास्त असेल त्या वर्षी हा जुगार खेळू नये. कलाचा अंदाज ऑगस्टअखेर येतो, ताण द्यायचा निर्णयही त्याच सुमारास असतो. अंदाज आणि निर्णय यांची इतकी नेमकी गाठ क्वचित पडते. सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. त्यांना विचारून बहार ठरवता येतो.

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी लवकर घेतली तर भाव चांगला, पण पोंगा अवस्थेत पाऊस सापडला तर डाऊनी, फुलोऱ्यात सापडला तर घडकूज. सगळी बाग एका दिवशी छाटण्याऐवजी दहा-बारा दिवसांच्या अंतराने तुकडे पाडणे, हाच शक्यतेच्या अंदाजावरचा खरा उपाय.

आणि ऊस? पूर्वहंगामी लागणीला ओल हवी. पण कारखान्याला गाळपासाठी कोरडा फड हवा. टोळ्या आलेल्या असतात, खोपी पडलेल्या असतात, आणि रानात गाडी घालता येत नाही. बसून खावे लागते ते ऊसतोडणी कामगाराला. तोडणीचा कार्यक्रम लावताना मुरमाड, निचऱ्याच्या रानातले फड आधी आणि काळ्या रानातले नंतर, एवढे शहाणपण अंदाज पाहून करता येते.

पाचवा निर्णय नदीकाठचा. अकलूजचा माणूस आभाळाकडे पाहतो, पण त्याच्या नदीचे पाणी भोरच्या डोंगरात पडते. भाटघर, नीरा-देवघर आणि गुंजवणी भरली की वीर धरणातून विसर्ग सुटतो आणि नीरेने आपल्याकडे येतो. तिकडे दौंडचा विसर्ग उजनीत उतरतो. नीरा आणि भीमा नरसिंहपूरला एक होतात आणि दोन्हीकडचे पाणी मिळून पंढरपूर गाठते. सप्टेंबरात धरणे काठोकाठ असतात, त्यामुळे घाटातला एक दिवसाचा जोर सरळ नदीत येतो. काठावरच्या मोटारी, पाइप, जनावरे हलवायची ती 'वीरमधून विसर्ग वाढवला' या बातमीवर. डोक्यावर ऊन असले तरी.

आपल्या बाजूचा हिशेब

एक साधी गोष्ट करून पाहा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. एकरात ते होते सुमारे चार हजार लिटर. काल रात्री 50 मिलिमीटर पडला असेल तर एकरी दोन लाख लिटर पाणी फुकट आले. हे ज्याने मोजले, तो पुढचे पाणी कधी द्यायचे हे ठरवू शकतो. ज्याने "चांगला झाला" एवढेच म्हटले, तो सवयीने चौथ्या दिवशी मोटर चालू करतो, मुळ्या गुदमरवतो आणि विजेचे बिल भरतो.

महसूल मंडळाच्या ठिकाणी स्वयंचलित केंद्रे आली आहेत, त्यांवर विम्याचे दावेही ठरतात. पण एका मंडळात डझनभर गावे असतात आणि पाच किलोमीटरच्या ढगाला मंडळाची हद्द ठाऊक नसते. आपल्या गावात अतिवृष्टी झाली आणि केंद्रावर झाली नाही, तर आपल्याकडे दाखवायला काय असते? तोंडी साक्ष. रोजच्या रोज तारीखवार लिहिलेली वही असेल तर निदान बोलायला आधार मिळतो.

म्हणून या व्याख्यानाच्या शेवटी मागणे एकच आहे. तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने प्राथमिक शाळेच्या आवारात, झाडापासून आणि भिंतीपासून दूर, एक साधे पर्जन्यमापक बसवावे. सकाळी साडेआठला मुलांनी त्याची नळी वाचावी, आकडा वहीत लिहावा आणि पंचायतीच्या फळ्यावर मांडावा. शून्य असेल तर शून्यही लिहावे. त्याच फळ्यावर दर मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला आणि गुरुवारचा विस्तारित अंदाज लावावा. वर्षाअखेर अंदाज आणि प्रत्यक्ष पाऊस शेजारी मांडून ग्रामसभेत वाचावा. हवामान विभाग कुठे चुकतो ते तेव्हा पुराव्यानिशी सांगता येईल, आणि आपण कुठे चुकलो तेही कळेल. यासाठी लागणारा खर्च एका गावजेवणापेक्षा कमी आहे. हस्त लागायला अजून दिवस आहेत. तोवर आपापल्या गावात मापक बसलेले असू द्या.